पोचल्याची खूण

सोमवारी सकाळी साडेनऊ वाजायच्या आत दर्शना शिवलकरने आपला इनबॉक्स अकरा वेळा उघडून बंद केला होता. सारखं उघडून पाहिल्याने मेल लवकर येत नाही, हे वाक्य तिनेच लिहून मदत केंद्राच्या भिंतीवर लावलं होतं. रत्नागिरीच्या या जहाज-मेल केंद्रात ती सहा वर्षं मुख्य मदतनीस होती. खलाशांच्या घरच्यांना धीर देणं आणि पासवर्ड बदलून देणं हे तिचं काम. लोकांना शहाणपण शिकवायला काय जातं! स्वतःवर वेळ आली की बोट आपलं तिथेच.

बरं, ती ज्या मेलची वाट पाहत होती तो तर येऊन नऊ दिवस झाले होते. तो तिला पाठही झाला होता. तिचा नवरा सुयोग एका मालवाहू जहाजावर सेकंड इंजिनीयर होता, आणि त्याने लिहिलं होतं, 'डॉक्टर सांगतील तसं कर. आंब्याला आता पाणी देऊ नकोस, मोहर गळेल. मी चार महिने वाढवून घेतोय. इकडे सगळं ठीक. काळजी नसावी.'

बावीस वर्षांच्या संसारानंतर बायको कळवते, की छातीत गाठ निघालीय आणि ती चांगली नाही. आणि नवरा आंब्याच्या पाण्याचा विषय काढतो! पहिले दोन दिवस दर्शनाला रडू आलं, नंतर राग आला, आणि मग नुसती तगमग सुरू झाली. तिने उलट एक अक्षर लिहिलं नव्हतं. आपण होऊन त्याने आणखी काही लिहावं, चुकलं म्हणावं, एवढीच तिची आशा होती. ऑपरेशन पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी ठरलं होतं. घरी सासूबाईंना तिने पोटाचं किरकोळ काहीतरी आहे म्हणून सांगितलं होतं. एवढं मोठं ओझं पदरात बांधून ती रोज कामावर येत होती आणि दुसऱ्यांचे हरवलेले मेल शोधून देत होती.

सुयोगला फोन करावा, तर तेही शक्य नव्हतं. तीन वर्षांपूर्वी सूर्यावर एक मोठं वादळ झालं आणि त्याच्या झोतात निम्म्याहून जास्त उपग्रह निकामी झाले. नवे चढवायला दहा वर्षं लागणार होती. उरलेल्या उपग्रहांवर जमिनीवरच्यांचा हक्क आधी, मग विमानांचा, आणि शेवटी जहाजांचा. भर समुद्रातल्या जहाजाच्या वाट्याला इतकी बारीक वाट आली, की आवाज सोडाच, साधं पत्रसुद्धा तिच्यातून धड जाईना.

त्यावर कंपनीच्या इंजिनीयरांनी एक नामी युक्ती काढली. नवरा-बायको वर्षानुवर्षं एकमेकांना लिहितात, तेव्हा पुढचं वाक्य काय असणार हे बहुतेक वेळा आधीच सांगता येतं. मग जे आधीच ठाऊक आहे ते पाठवायचं कशाला? दोघांचे जुने मेल वाचून यंत्र त्यांच्या लिहिण्याचा एक साचा तयार करी. त्याला केंद्रात 'वळण' म्हणत. वळण एकट्या माणसाचं नसे, जोडीचं असे. कारण माणूस बायकोला एक लिहितो आणि भावाला दुसरं. त्या वळणाची एक प्रत जहाजावर, एक किनाऱ्यावर. मेल लिहिला की यंत्र तो वळणाशी ताडून पाही, जेवढा फरक असेल तेवढाच आकाशात पाठवी, आणि पलीकडचं यंत्र त्यावरून सबंध मेल पुन्हा उभा करी. हजार अक्षरांचं काम वीस-पंचवीस अक्षरांत होई. लोक खूश, कंपनी खूश.

दहा वाजता दरवाजा ढकलून एक म्हातारा आत आला. डोकं नुकतंच उतरवलेलं, हातात दोन छापील कागद. दत्ताराम पिलणकर, राहणार मिऱ्या. एके काळी जहाजावर सारंग होता, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा म्होरक्या. आता त्याचा मुलगा रोहन जहाजावर होता.

"मेल येत नाही का, काका?" दर्शनाने खुर्ची पुढे केली.

"येतो गो बाय. येतो, तीच तर पीडा हाय." म्हाताऱ्याने कागद टेबलावर ठेवला. "हा बग. काल आला."

दर्शनाने वाचलं. 'बाबा, आईला सांग गोळ्या वेळेवर घे. तिच्या हातचं कालवण खाऊन वर्ष झालं. इकडे सगळं ठीक. काळजी नसावी.'

"मग?"

"त्याची आई वारली. काल तेरा दिवस झाले. मी त्याला त्याच दिवशी लिवलं. हा तिला गोळ्या घ्यायला सांगतो!" म्हाताऱ्याने कागदावर बोट आपटलं. "पोरगा माजा असा नाय गो. येडा झाला की काय तो तिकडे?"

दर्शनाने ठरलेल्या पायऱ्या सुरू केल्या. पत्ता टाइप करताना अक्षर चुकलं होतं का? नव्हतं. मेल पाठवायच्या पेटीतच अडकून राहिला होता का? नाही, गेला होता. मुलाचा इनबॉक्स भरला होता? अर्धा रिकामा. नको असलेल्या मेलच्या गठ्ठ्यात पडला? नाही. सोबत फोटो जोडले म्हणून जड झाला? फोटो नव्हताच. सगळ्या चौकोनांत हिरव्या खुणा. निघाला, पोचला, उघडला, वाचला.

"इथून तर सगळं बरोबर दिसतंय, काका," ती सवयीने म्हणाली आणि म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहून तिलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. नऊ दिवस तीही याच खुणा पाहत बसली होती की! तिच्याही मेलपुढे चारही हिरव्या होत्या.

"एक सही कराल? दोन्हीकडच्या प्रती उघडून बघते."

पिलणकरांनी सही केली. आतल्या खोलीत इम्तियाज होडेकर बसे. यंत्रांची देखभाल त्याच्याकडे. बोलायला तिरकस, पण कामाला वाघ. त्याने दोन प्रती पडद्यावर शेजारी शेजारी लावल्या.

डावीकडे म्हाताऱ्याने लिहिलेली. 'इकडील सर्व ठीक. तुझी आई सोमवारी पहाटे वारली. त्रास झाला नाही. भाऊबंदांनी सगळं केलं. काळजी करू नको.'

उजवीकडे रोहनला पोचलेली. 'इकडील सर्व ठीक. तुझी आई सोमवारी बाजारात जाऊन आली. त्रास झाला नाही. भाऊबंद येऊन गेले. काळजी करू नको.'

इम्तियाजने कपाळाला हात लावला. "या अल्ला. हे भरलंय, ताई."

दर्शनाला पुढचं सांगायची गरज नव्हती. वळणाबाहेरचं वाक्य जितकं अनपेक्षित, तितका त्याचा फरक मोठा. फरक जितका मोठा, तितका तो त्या बारीक वाटेवर मोडण्याचा संभव जास्त. यंत्र तीनदा प्रयत्न करी. तिन्ही वेळा मोडला, की पलीकडचं यंत्र वळणाला विचारी, या जागी ही माणसं एरवी काय लिहितात? आणि ते भरून मोकळं होई. रोजचं बोलणं सुखरूप पोचे. जे पूर्वी कधीच बोललेलं नाही, तेच नेमकं वाटेत मरे.

आणि ही भरायची कल्पना कुणाची? दर्शना शिवलकरची. सुरुवातीला अशी मोडलेली जागा मोकळी दिसायची, 'इथला मजकूर पोचला नाही' असं लिहिलेली. त्या मोकळ्या जागेने किनाऱ्यावर हाहाकार उडवला. खलाशाच्या पत्रात रिकामी जागा म्हणजे घरच्यांच्या डोळ्यांपुढे नाही नाही ते उभं राहतं. दिवसाला तीनशे तक्रारी येत. तेव्हा दर्शनाने वर कळवलं, की आमच्याकडे कुणीही पत्रात आधी सगळं ठीक लिहितो, शेवटी काळजी नसावी लिहितो. मग जागा मोकळी सोडण्यापेक्षा तशाच काही घरगुती मजकुराने भरावी. तक्रारी तीनशेवरून वीसवर आल्या. तिला प्रशस्तिपत्र मिळालं. तेही भिंतीवर होतंच.

"हे असं दर वेळी होतं?" तिने विचारलं.

"दर वेळी नाही. शंभरात दोन-तीनदा. पण शंभरात दोन-तीनदाच तर माणूस काही वेगळं लिहितो ना, ताई."

ती बाहेर आली. पिलणकरांना चहा दिला, थोडा वेळ बसा म्हणाली. मग ग्राहकांच्या गठ्ठ्यातला तक्रारीचा एक कोरा फॉर्म ओढून तिने वर स्वतःचं नाव घातलं. 'तक्रारीचं स्वरूप' या रकान्यापाशी ती अडली. शेवटी लिहिलं, 'नवऱ्याचा मेल नवऱ्याचा वाटत नाही.' खाली सही केली आणि फॉर्म इम्तियाजच्या पुढ्यात ठेवला.

इम्तियाजने तो वाचला. एरवी त्याने चार टोमणे मारले असते. आज त्याने मुकाट्याने प्रती काढल्या, खुर्ची तिला दिली आणि स्वतः पाठ करून खिडकीशी उभा राहिला.

तिने पाठवलेला मेल तिला आठवत होताच. 'इकडे सगळं ठीक. आईंचा गुडघा बरा आहे. आंबा मोहरलाय. आणखी एक, डॉक्टरकडे जाऊन आले, छातीत गाठ निघालीय, तपासणीत ती चांगली नाही असं आलं, काढावी लागेल. घाबरण्यासारखं नाही. जमलं तर ये. काळजी नसावी.'

सुयोगला मिळालेला मेल असा होता. 'इकडे सगळं ठीक. आईंचा गुडघा बरा आहे. आंबा मोहरलाय. आणखी एक, डॉक्टरकडे जाऊन आले, गुडघ्याला पट्टा दिलाय, रोज बांधावा लागेल. घाबरण्यासारखं नाही. जमलं तर फोटो पाठव. काळजी नसावी.'

म्हणजे त्याला ठाऊकच नव्हतं! दर्शनाला एकदम इतकं हलकं वाटलं, की ती मोठ्याने हसली. नऊ दिवस ज्या माणसाला तिने मनातल्या मनात फासावर चढवलं होतं, त्याचा काही अपराधच नव्हता. पण हसू अर्ध्यात विरलं. तिने आपला मेल पुन्हा वाचला. गाठीची बातमी कुठे होती? आंब्याच्या मोहराखाली. आणि तिच्या दोन्ही बाजूंना पाचर मारल्यासारखं काय होतं? सगळं ठीक, घाबरण्यासारखं नाही, काळजी नसावी. यंत्राने काय वेगळं केलं? तिने अर्धवट झाकलं होतं, त्याने पुरतं झाकलं.

"त्यांचेही काढू?" इम्तियाजने न वळता विचारलं. "तुम्हाला आलेले. महिनाभराचं शिल्लक आहे."

भरताना जे मूळ शब्द टाकून दिले जात, त्याला शिल्लक म्हणत. पाठवणाऱ्याच्या यंत्रात ती तीस दिवस राही, आणि जहाज रोज एकदा आपली नोंदवही किनाऱ्याला देई, तेव्हा सवडीने, तुकड्या-तुकड्यांनी, तीही येऊन पडे. ती वाचायला कुणी बसत नसे.

सुयोगचं मूळ वाक्य पडद्यावर आलं. 'चार महिने वाढवून घेऊ की येऊ, कळत नाही. तुझ्या पत्रात सगळं ठीक असतं, मग मी येऊन करू काय? इथे जीव रमत नाही. तू एकदा ये म्हण, उद्याच्या उद्या नाव देतो.'

दर्शनाने हे तीनदा वाचलं. मग ती इम्तियाजची पाण्याची बाटली घेऊन सगळी प्यायली.

आता वेळेचा हिशेब बघायला हवा होता. सुयोगचं जहाज गुरुवारी केप टाऊनच्या बाहेर नांगर टाकून इंधन घेणार होतं. बंदरात शिरणारच नव्हतं, आणि त्या जागेवरून मोबाईलला पल्ला नव्हता. ज्यांना उतरायचं, त्यांना लाँच किनाऱ्यावर घेऊन जाई. उतरणाऱ्यांची यादी मंगळवारी दुपारी चारला बंद होई. त्यानंतर जहाज निघणार ते ब्राझील आणि पुढे. चार महिने पाय जमिनीला लागणार नव्हता. मंगळवारी चारच्या आत त्याला खरं कळलं नाही, तर ऑपरेशनच्या टेबलावर ती एकटी जाणार होती. आणि त्यानंतर काय होईल, हे डॉक्टरही सांगत नव्हते.

तिने नेमणुका करणाऱ्या मुंबईच्या ऑफिसला फोन लावला.

"मॅडम, तुमच्या मिस्टरांनी परवाच मुदत वाढवायला लेखी होकार दिलाय," तिथला माणूस म्हणाला. "रद्द करायचं तर त्यांनी स्वतः कळवायला हवं."

"त्यांना माहीतच नाहीये हो! तुम्ही कॅप्टनला कळवा ना."

"कळवतो की. पण आमचंही त्याच मेलने जातं. आणि रिपोर्टची प्रत, फॉर्म, डॉक्टरांचा शिक्का, चार दिवस लागतील."

फोन ठेवून तिने पुण्याच्या मुख्य कचेरीला लिहिलं, की मोकळ्या जागा भरणं आजच्या आज थांबवा. उत्तर आलं, की सूचना चांगली आहे, जहाजांवरची यंत्रं बदलायला सहा आठवडे लागतील.

"ज्यांचं वळणच नाही, त्यांचं काय होतं?" ती एकदम म्हणाली.

इम्तियाज वळला. "म्हणजे?"

"अनोळखी माणसाने खलाशाला मेल केला तर? दोघांचं जुनं काही नाहीच. यंत्र भरणार कशाने?"

"नाही भरत. अक्षरन् अक्षर जातं, पाच-पाच वेळा. पण चाळीस शब्दांचीच मुभा. आणि जाऊन पडतं अनोळखीच्या गठ्ठ्यात. कोण बघतं तिथे?"

"कुणी बघितलं तर बघितलं."

पहिला प्रयोग पिलणकरांवर झाला. दर्शनाने त्यांना नवा पत्ता काढून दिला. नाव नाही, नुसते आकडे. म्हातारा खुर्चीत पुढे सरकून सांगू लागला, "लिव. इकडील सर्व ठीक..."

"काका," दर्शना म्हणाली, "हे नको."

"मग सुरुवात कशी करू?"

तिने कीबोर्ड पुढे ओढला. म्हाताऱ्याने आपले तळहात उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाला, "रोहन, तुजी आय वारली. मी एकटा हाय." चाळीसातले सात शब्द. आणखी काय घालू, तिने विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली. हे पोचतं का ते पाहिल्याशिवाय स्वतःचं लिहायचा दर्शनाला धीर झाला नाही.

मंगळवारी सकाळी दहाला म्हातारा पुन्हा हजर. उत्तर आलं होतं. रोहनने एवढंच लिहिलं होतं, 'बाबा, कधी? तू जेवतोस का?' पिलणकरांनी पडद्यावरच्या त्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि ते मोठ्याने रडू लागले. "हा माजा पोरगा. हा बग, हा माजा." दर्शनाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, पण तिचे डोळे घड्याळावर होते.

मग ती स्वतःसाठी नव्या पत्त्यावर बसली आणि बोटांनी आपण होऊन टाइप केलं, 'इकडे सगळं ठीक.'

"तीन गेले," मागून इम्तियाज म्हणाला.

तिने ते खोडलं. पुन्हा लिहिलं, 'काळजी करू नकोस, पण.' तेही खोडलं. मोजून सहा वेळा खोडल्यावर अकरा वाजून पाच मिनिटांनी मेल गेला. 'सुयोग, मी दर्शना. जुन्या पत्त्यावरून खरं पोचत नाही म्हणून हा नवा. मला स्तनाचा कॅन्सर झालाय. मागेच लिहिलं होतं, ते पोचलं नाही. पुढच्या शुक्रवारी ऑपरेशन आहे. उतरणाऱ्यांच्या यादीत आज नाव दे. ये.'

कॅन्सर हा शब्द तिने आजवर तोंडाने उच्चारलेला नव्हता. मागे उभ्या इम्तियाजने तो पडद्यावर वाचला, "ताई" म्हटलं आणि आपली खुर्ची तिच्याजवळ ओढली.

साडेअकरा. बारा. दर्शना उठे, टेबलं पुसे, पुन्हा बसे. कुणा बाईचा फोन आला, माझा पासवर्ड चालत नाही; तिने तो दोनदा चुकीचा बदलून दिला. डबा उघडला आणि तसाच बंद केला. पाऊण वाजला. अनोळखीच्या गठ्ठ्यात सुयोग कधी डोकावत असेल? आळशी माणूस. घरी आलेलं बिलसुद्धा चार दिवस पाकिटातून काढत नाही. एक वाजून वीस मिनिटांनी खूण आली, उघडला. आणि लगेच मागोमाग उत्तर.

'आपण कोण माहीत नाही. माझ्या बायकोचा मेल याच महिन्यात आला, ती ठीक आहे. ती असं कधी लिहीत नाही. आजारपणावरून थट्टा करू नये. पुन्हा लिहू नका.'

तोंडात मारल्यासारखी ती बसून राहिली. चूक तरी काय होती त्याची? बावीस वर्षांत तिने त्याला एकदाही सरळ ये म्हटलं नव्हतं. हे लिहिणारी बाई दर्शना असूच शकत नाही, हे कुणालाही पटलं असतं. पटणार नाही ते हे, की ती दर्शनाच आहे.

"काहीतरी खूण सांगा ना," इम्तियाज घाईघाईने म्हणाला. "लग्नाची तारीख, घरातलं काही. तुम्हा दोघांनाच माहीत असलेलं."

"ते सगळं आमच्या मेलमध्ये आहे. कुणीही चोरून वाचलं असेल म्हणेल." ती थांबली. "आम्ही एकमेकांना लिहिलेलं काहीच उपयोगाचं नाही, इम्तियाज. न लिहिलेलं लागेल."

न लिहिलेलं एक होतं. ते तिने आईलाही सांगितलं नव्हतं, आणि त्याचा विषय डोक्यात आला की ती उठून कामाला लागत असे. दोन वाजले होते. तिने इम्तियाजला बाहेर जायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

'बरोबर, मी असं कधी लिहिलं नाही. लग्नानंतर तू पहिल्यांदा गेलास तेव्हा मला तिसरा महिना होता. पोर राहिलं नाही. तुला लिहिलं, सगळं ठीक. आल्यावरही सांगितलं नाही. आत्ता भीती वाटतेय, सुयोग. एकटीने नाही जमणार. ये.'

त्यानंतर त्यांना मूल झालंच नाही. दर सुट्टीत तो गावच्या देवीला नवस बोले आणि ती मुकाट्याने शेजारी उभी राही. हा मेल वाचून तो येईलही, नाहीतर कायमचा तुटेल. पाठवायचं बटण दाबताना तिला दोन्हींची सारखीच भीती वाटली, पण तिने दाबलं.

उघडला, अशी खूण अडीचला आली. उत्तर नाही. पावणेतीन. तीन. साडेतीनला ती दार उघडून बाहेर आली, गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेली आणि तशीच परत आली. चारला दहा मिनिटं कमी असताना इम्तियाजने हाक मारली. दोन मेल एकदम आले होते, एक जुन्या पत्त्यावर आणि एक नव्या.

जुन्यावरचा तिने आधी उघडला. 'गुरुवारी इंधन घेतोय. कपाटातली फाईल सापडली. तू सांगशील तसं. इकडे सगळं ठीक. आंब्यावर फवारणी करून घे. काळजी नसावी.'

तिने नव्यावरचा उघडला.

'नाव दिलं. गुरुवारी उतरतो. तेव्हाची हॉस्पिटलची फाईल मला आल्यावर कपाटात सापडली होती, दर्शना. मी विचारलं नाही. तू सांगशील म्हणून थांबलो. मलाही भीती वाटतेय. केवढी आहे, दुखते का, सगळं लिही. हाच मेल दोन्ही पत्त्यांवर पाठवतोय.'

दर्शनाने दोन्ही मेल शेजारी शेजारी ठेवले. एकाच माणसाने, एकाच वेळी लिहिलेलं एकच पत्र. बावीस वर्षं ती पहिला मेल लिहिणाऱ्याशी संसार करत होती, आणि यंत्र येण्याआधीपासून करत होती. त्याला माहीत होतं. इतकी वर्षं माहीत होतं! तो नवस बोलत होता तेव्हाही. तिला त्याचा भयंकर राग आला आणि त्याच क्षणी त्याच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. तो इथे नव्हता म्हणून ती खुर्चीत बसून रडली. इम्तियाज दारात उभा होता, त्याच्यासमोरच.

"घातलं का नाव?" त्याने विचारलं.

तिने होकारार्थी मान हलवली.

"एक सांगून ठेवतो, ताई," तो म्हणाला. "पन्नास मेल झाले की या नव्या पत्त्याचंही वळण बसेल. मग हेही भरायला लागेल."

"पन्नास खूप झाले," दर्शना म्हणाली. तिने डोळे पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि लिहायला लागली. डाव्या बाजूला आहे. दिवाळीनंतर आंघोळ करताना हाताला लागली. सुपारीएवढी होती, आता मोठी झालीय. दुखत नाही, म्हणूनच जास्त भीती वाटते. ऑपरेशनला तीन तास लागतील म्हणतात. केस जातील. मला आरशात बघवत नाही, आणि तू बघशील तेव्हा तुला काय वाटेल या विचाराने मला

चाळीस शब्द संपले. तिने तो तसाच पाठवला, दुसरा मेल उघडला आणि राहिलेलं वाक्य तिथून पुढे लिहू लागली.